लेखनसीमा

कोठी कचेरीच्या मागच्या खोलीत
मी मोडी वाचते. पानाला बावीस रुपये.
पंखा एकवर ठेवायचा, नाहीतर
संस्थानचा कारभार उडून टेबलाखाली जातो.

परवा एकाच रुमालात दोन ठराव निघाले.
साल वाळवीनं नेलेलं, बाकी सगळं शाबूत.

पहिला असा, की
रावपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेस
आणखी एक शिक्षिका द्यावी, दरमहा अठरा.
मांडणारे कोणी त्र्यंबक रावजी खासनीस.
मतं तेरा विरुद्ध चार.
समासात दिवाणांचा शेरा:
तूर्त नको.

खासनिसांनी पुढच्या बैठकीत
तोच ठराव अक्षर न बदलता पुन्हा आणला.
सोळा विरुद्ध एक.
या खेपेला शेराही नाही.
कागद वर गेला आणि वरच राहिला.
नाही म्हणायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

मी रागावले. त्या पानावर, खरंच.
'मेल्या, हात झडो तुझा,' मोठ्यानं निघून गेलं तोंडातून.
फाल्गुनीबेननं मान वर केली,
मग पुन्हा स्कॅनरवर झाकण टाकलं.

मग दुसरा ठराव.
छीपांनी विश्वामित्रीच्या घाटावर कापड धुऊ नये,
पाणी निळं होतं, लोकांस वास येतो,
सबब आठ दिवसांत घाट सोडावा.
सतरा विरुद्ध शून्य.
खासनीस हजर. खासनिसांचाही हात वर.
सतरांत छीपा एकही नाही;
अर्ज तेवढा एक टाचलेला,
हुसेन वल्द नूरमहंमद,
सहीच्या जागी अंगठा,
शाई काळी नाही, नीळ.

आणि समासात तोच हात,
'त'ची तीच फुगीर गाठ:
तूर्त नको.

मी चष्मा पुसला.
एकाच बोरूनं
पोरींची दुसरी बाई अडवली होती
आणि हुसेनचा घाट राखला होता.
कारण तिथं नव्हतं, कारण इथंही नाही.
भलं म्हणावं तर शाळा आडवी येते,
वाईट म्हणावं तर अंगठा.

आमचा मांडवीतला वाणी
काट्याला हळूच बोट लावतो.
बहुतेकदा त्याच्या बाजूनं,
क्वचित, सणासुदीला, माझ्या.
माझ्या बाजूनं लावतो तेव्हा
मी पिशवीचं तोंड धरून गप्प उभी असते.

माझीही एक फाईल आहे.
मला कायम करा, असं कोर्टानं लिहून दिलं.
पैसे गांधीनगरला सभागृहानं मंजूर केले.
सही राहिली.
साहेब स्वभावानं चांगले. बसा म्हणतात, पाणी मागवतात,
'जोईशुं, खोपकरबेन, जोईशुं.'
तीन वर्षं.
'तूर्त नको'चं इतकं सरळ गुजराती
मला स्वतःला सुचलं नसतं.

जुन्या पत्रांच्या तळाशी
एक बारका शिक्का असायचा, लेखनसीमा.
लेखणी इथं थांबली;
याखाली कुणी ओळ घुसडू नये,
ज्यानं पत्र लिहिलं त्यानंही.
दोन्ही ठराव पालथे घालून पाहिले, तळाशी तो होता,
जरासा तिरका, पण होता.
समासाला मात्र शिक्का नसतो.
समास ज्याचा त्याचा.

संध्याकाळी दोन्ही पानं बाळबोधीत उतरवली,
खाडाखोड न करता, तुसड्या शेऱ्यासकट.
शेऱ्यापुढं एक ओळ माझ्याकडून घातली:
कारण दिलेलं नाही.

वाचणाऱ्यानं असं काही घालायचं नसतं.
पानाला बावीस रुपयांत
एवढं बसतं का,
मी साहेबांना विचारलेलं नाही.
तूर्त.